शून्य नासाडी

‘विसावा’ कपाट घेऊन अंबादास पोहनेरकरांना काय मिळणार होतं, याचा हिशोब त्यांनी स्वतःच मांडून ठेवला होता, त्यामुळे आपल्याला शोधाशोध करावी लागत नाही. मिळणार होते चार दिवस. वर्षाला चार, आणि तेही मुलीचे.

माणूस जन्मभर वजनमापे खात्यात निरीक्षक. मराठवाड्यातल्या निम्म्या किराणा दुकानांतल्या तागड्या त्यांनी उलट्या करून पाहिल्या होत्या, पारड्याच्या तळाला चिकटवलेलं मेण नखानं खरवडून काढलं होतं. जगाकडे बघायची त्यांची रीत एकच : निघालं किती, पोचलं किती, आणि मधली तूट कुणी खाल्ली? निवृत्तीनंतर तपासायला तागड्या उरल्या नाहीत. मग ही रीत त्यांनी अंगणातल्या सीताफळाच्या झाडाला लावली. झाड बिचारं गप्प राहिलं.

झाड त्यांच्या बायकोनं, कुमुदनं लावलेलं. संभाजीनगरात सिडकोच्या टोकाला, जिथून लेण्यांचा डोंगर दिसतो, तिथं ‘मैत्रबन’ नावाची एकोणीस रो-हाऊसची वसाहत आहे. वास्तुशांतीच्या वर्षी एका नर्सरीवाल्यानं एकोणीस रोपं घाऊक भावात गळ्यात मारली, म्हणून प्रत्येक अंगणात एक सीताफळ. आता सीताफळाचा स्वभाव असा की ते कुणासाठी थांबत नाही. खवल्यांमधल्या फटी पिवळट झाल्या, म्हणजे त्याचे ‘डोळे उघडले’, की उतरवायचं आणि गवताची अढी लावायची. तिसऱ्या दिवशी सगळी एकदम पिकतात, सातव्या दिवशी सगळी एकदम नासतात. साध्या फ्रीजमध्ये ठेवावीत तर काळी पडून बसतात. त्यामुळे कुमुदच्या काळात तिसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी घरातून ताटल्या निघायच्या. एकशेसाठ फळांतली शंभर वसाहतीत जायची, चाळीस पाखरं आणि किडे खायचे किंवा झाडाखाली सडायची, आणि घरात राहायची वीस.

“घरचं झाड आणि घराला आठवा हिस्सा,” अंबादासराव म्हणायचे. “दुकानदार असतीस तर मी दंड ठोकला असता.”

“ठोका. आधी ही ताटली शेजारी आपांकडे देऊन या.”

अढी लावली की कुमुद बंगळुरूला मृण्मयीला फोन करायची. बोलणं एका वाक्याचं : “अढी लावली गं.” दुसऱ्या दिवशी रात्रीच्या बसनं पोरगी निघायची. चार दिवस राहायची, कोपरापर्यंत हात बरबटून फळं खायची, बिया अंगणात थुंकायची आणि जायची. कारण उघड होतं. पाचव्या दिवशी खायला काही उरायचं नाही.

कुमुद गेली. पहिल्या वर्षी अंबादासरावांनी तेच वाक्य फोनवर म्हटलं आणि मृण्मयी आली. दुसऱ्या वर्षी ती म्हणाली, “बाबा, नेमका याच आठवड्यात आमच्या सॉफ्टवेअरचा रिलीज आहे.” तिसऱ्या वर्षी म्हणाली, “पंधरा दिवस पुढे नाही का ढकलता येणार?” जणू ते सत्यनारायणाची तारीख ठरवत होते.

मग त्यांनी विचार केला की तूट नेमकी कुठं आहे? मुलीच्या मायेत नाही. तिच्या रजेत आणि फळाच्या पिकण्यात मेळ बसत नाही, एवढंच. तो बसवून देणारं यंत्र त्याच उन्हाळ्यात बाजारात आलं होतं.

*

विसाव्याचं शास्त्र सांगायला सोपं आहे. झाडावरून तोडलेलं फळ मेलेलं नसतं. ते श्वास घेतं, आणि पिकायची वेळ आली की एक वायू सोडतं, इथिलीन. तो शेजारच्या फळाला लागला की तेही पिकायला लागतं आणि स्वतःचा वायू सोडतं. अढीतली फळं एकदम पिकतात ती यामुळं. आपल्याकडच्या वाड्यावस्तीवर बातमी पसरावी तसा हा प्रकार : एकानं सांगितलं की सगळ्यांना ठाऊक. विसावा ही बातमीच मारतो. आतली जाळी इथिलीन शोषून घेते. दुसरा एक निरुपद्रवी वायू फळाच्या पेशींवर जिथं इथिलीन बसायचं तिथं आधीच जाऊन बसतो, म्हणजे थोडी बातमी फुटली तरी ऐकायला कान मोकळा नाही. आणि तापमान शून्याच्या किंचित खाली. एरवी तेवढ्या थंडीत फळातल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फाटल्या असत्या, पण विजेचं हलकं क्षेत्र पाण्याच्या कणांना सतत डुलवत ठेवतं आणि बर्फाला जमायला उसंत देत नाही. डोळे उघडलेलं सीताफळ आत ठेवा, वर्षभर ते त्याच दिवसात राहील. बाहेर काढा, कानातले बोळे निघायला आणि पिकायला अठरा तास लागतात. अठरा तासांनी ते काल उतरवल्यासारखं मऊ.

कपाटाबरोबर फांदीला लावायचे चिमटे येत. कुठलं फळ उद्या उतरवायचं ते मोबाइलवर कळायचं. झाडावर फळ पिकून पाखरांनी टोचावं, खाली पडावं, हा प्रश्नच मिटला.

त्या ऑक्टोबरात अंबादासरावांनी एकशेत्रेसष्ट फळं उतरवली आणि एकशेत्रेसष्ट आत ठेवली. तूट शून्य. खात्यात असते तर त्यांनी स्वतःला प्रशस्तिपत्र दिलं असतं.

फाटकाशी छबूबाई उभी होती. डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीतली ही बाई शहराचं पंचांग पाठ असल्यासारखी हिंडायची. पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटांवरचा टाकळा आणि कुर्डू, माघात रस्त्याकडेच्या चिंचा, चैत्रात भोकरं, आणि दसऱ्याच्या पुढंमागं मैत्रबनात पडलेली, टोचलेली सीताफळं. नासका भाग जागच्या जागी खरवडून फेकायची, चांगला गर काढून विकायची.

“साहेब, यंदा खाली काहीच पडलं न्हाई?”

“पडू दिलं नाही.”

छबूबाईनं दारातून आत डोकावून कपाट पाहिलं. निळा दिवा, बंद दार, देवघरासारखा थाट.

“कुलूपबी लावा की,” ती म्हणाली. “फळाचं काय सांगावं, एखादं पळून जाईल शेजाऱ्याकडं.”

शेजाऱ्याकडं फळ जायचा प्रश्न फार दिवस राहिला नाही. दिवाळीच्या सवलतीत वसाहतीत आणखी अकरा विसावे आले, गुढीपाडव्यापर्यंत सगळ्यांकडे झाले. भिंतीपलीकडे राहणाऱ्या नसीमआपांकडेही मुलानं परदेशातून पाठवून दिला. आपा मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या.

“साहेब, सांभाळून बरं का,” त्या भिंतीवरून म्हणाल्या. “आता तुमच्या ताटलीची वाट कुणी बघणार नाही.”

“चांगलंच आहे. ताटल्या परत यायच्या त्या निम्म्या दुसऱ्यांच्याच असायच्या.”

हे खरं होतं. पण ताटली परत करायला आलेला माणूस दाराशी अर्धा तास बोलायचा, आणि रिकामी ताटली परत करू नये म्हणून तिच्यात काहीतरी घालून आणायचा. हा अर्धा तास कुठल्या रकान्यात धरायचा हे अंबादासरावांना कधी सुचलं नव्हतं. त्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर त्यांच्या दाराची घंटा सहा वेळा वाजली. त्यात चार वेळा पार्सलवाला.

*

“बाबा, खरंच टिकतात?” मृण्मयीनं फोनवर विचारलं होतं.

“वर्षभर. तू कधीही ये.”

शहाण्या माणसानं आयुष्यात एवढीच चूक करावी. “कधीही ये” हे शब्द ऐकून आजवर कुणी लगेच आल्याचं ऐकिवात नाही.

मृण्मयी डिसेंबरात येणार होती. मग म्हणाली, फळं आहेतच ना, मार्चमध्ये निवांत येते. मार्चमध्ये म्हणाली, उन्हाळ्यात मस्त लागतील. ती खोटं बोलत नव्हती, हे लक्षात घ्या. दर वेळी तिला खरंच यायचं होतं. फक्त आता न येण्यानं काही नासत नव्हतं.

वर्ष भरत आलं तशी फळांची मुदतही भरत आली. विसाव्यातलं फळ मुदतीनंतर सडत नाही, आतून भुसा होतं. अंबादासरावांनी दिवसाला तीन-तीन फळं खाल्ली, साखर वाढवून घेतली आणि शेवटी आठ फळं ताटलीत घालून आपांकडे गेले.

“माझ्याच कपाटात चाळीस आहेत,” आपा म्हणाल्या. “तुम्हीच न्या थोडी.”

दोघं एकमेकांची फळं नाकारत दारात उभे राहिले. सव्वाशेच्या वर फळांचा भुसा पालिकेच्या खताच्या गाडीनं नेला. त्याचा वाससुद्धा आला नाही.

दुसऱ्या हंगामात झाडाला एकेचाळीस फळं लागली. उन्हामुळं असेल, असं वसाहतीचं मत पडलं. सगळ्यांचीच झाडं कमी धरली होती. त्याच वर्षी मैत्रबनाला ‘शून्य नासाडी वसाहत’ म्हणून बक्षीस मिळालं. सचिव हुंडेकरांनी फाटकावर पितळी पाटी ठोकली आणि खाली भाषण केलं. एकोणीस घरांतून सात माणसं आली. बाकीच्यांनी ते भाषण आपापल्या घरी पाहिलं.

फेब्रुवारीत एका सकाळी आठ वाजता दारात बिनचालकाची टॅक्सी थांबली आणि मृण्मयी उतरली. पुण्यात ऑफिसचं काम निघालं होतं, एक दिवस मधे मिळाला होता.

“न कळवता?”

“तुम्हीच म्हणालात ना, कधीही ये! फळं काढा. संध्याकाळी सातला निघायचंय.”

अंबादासराव कपाटापाशी गेले. दार उघडलं. एकेचाळीस फळं, एकही डाग नाही, आणि एकेक दगडासारखं. त्यांनी घड्याळ पाहिलं. आठ ते सात, अकरा तास. लागायचे होते अठरा. त्यांनी चार फळं काढून उन्हात ठेवली, मग तांदळात पुरली, मग हळूच गॅसच्या शेगडीशेजारी नेली. मृण्मयी आईच्या खोलीत बसून लॅपटॉपवर बोलत होती. दुपारी तिनं पिठलं-भाकरी खाल्ली, दोनदा येऊन फळं दाबून पाहिली.

“जबरदस्तीनं नाही होणार ते,” सहा वाजता ती म्हणाली आणि हसली. “असू दे बाबा. कुठं जातायत? पुढच्या वेळी.”

रात्री दोन वाजता चारही फळं मऊ झाली. अढीच्या काळात फळं आपल्या मर्जीनं पिकायची आणि पाहुणी त्यांची वेळ गाठून यायची. आता सगळी मालकाच्या हुकमाची वाट बघत होती, आणि मालकाला पाहुणी कधी येणार हे ठाऊक नव्हतं. त्यांनी उभ्याउभ्या एक खाल्लं. उरलेली तीन सकाळी आपांकडे नेली, तर आपा मुलाशी फोनवर बोलत होत्या. त्यांनी हातानंच ‘नंतर’ अशी खूण केली.

*

तिसऱ्या हंगामात चौदा फळं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात झाडाला फुलं मात्र भरपूर लागली. रोज सकाळी फरशीवर जाड पाकळ्यांचा सडा पडायचा आणि मागं फांदीवर नुसता देठ. एकोणीसही अंगणांत हेच.

चौदा फळं विसाव्याच्या एका कप्प्यात होती. मृण्मयीनं जुलैत यायचं कबूल केलं होतं, पाच दिवस. या खेपेला अंबादासरावांनी अठरा तास आधी काढायची तयारी म्हणून दोन अलार्म लावून ठेवले होते. हा सौदा त्यांच्या जिवाला लागला होता. चौदा फळं गेली तर मुलीला बोलवायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. ‘मला एकटं वाटतं, म्हणून ये’ असं म्हणायचं माप त्यांच्या खात्यात कधी प्रमाणित झालं नव्हतं.

मेच्या मध्यावर छबूबाई फाटकाशी टेकली. डोक्यावर पाटी, पाटीत करवंदं.

“तुमच्या झाडांला काय झालं? वांझ झाल्यावानी दिसायलेत.”

“उष्णता.”

“डोंगरावर काय एसी बसवलाय? गेल्या साली तिथं लगडली होती झाडं. माझ्या दोन पाट्या निघाल्या रोज.”

भिंतीपलीकडे आपा झाडांना पाणी घालत होत्या. त्यांचा पाइप थांबला.

“छबूबाई, डोंगरावर झाडाखाली काय असतं?”

“काय असणार? कचरा. पाला, सडकी फळं. तिथं कोण झाडतंय? तुमच्यासारखी पाटी लावलेली न्हाई तिथं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आपा टाचणी आणि वर्तमानपत्र घेऊन अंबादासरावांच्या ओट्यावर आल्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी एक फूल तोडलं आणि पाकळ्या टाचणीनं बाजूला केल्या.

“हे बघा. आज सकाळी हे फूल बाई आहे. मधला हा ओलसर भाग परागकण घ्यायला तयार. पण स्वतःचे पराग अजून पिकलेले नाहीत. उद्या पराग सुटतील, तेव्हा हे फूल पुरुष. पण तोवर मधला भाग सुकलेला. एकाच घरात राहून दोघांची भेट नाही.”

“आमच्यासारखं,” अंबादासराव म्हणाले, आणि कोणाबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही.

“म्हणून मधे कुणीतरी लागतं. मधमाशी लागत नाही, हे फूल तिच्यासाठी नीट उघडतच नाही. आत शिरतो एक किडा, तिळाहून बारीक, तपकिरी. कालच्या फुलातले पराग घेऊन आजच्या फुलात जातो. आता वास घ्या.”

त्यांनी घेतला. आंबूस, गोडसर, दारूच्या कडेला गेलेला.

“नासक्या फळाचा वास,” आपा म्हणाल्या. “फूल थाप मारतं, ‘इथं नासलंय, या.’ किडा फसतो आणि येतो. पण साहेब, खऱ्या नासक्या फळात त्याची अंडी, त्याची पोरं, त्याचं घर. ते घर आपण तीन वर्षं झाडून नेलं. ज्याला फसवायचं तोच राहिला नाही.”

अंबादासरावांनी झाडाखालच्या झाडून स्वच्छ फरशीकडे पाहिलं. झाडाखाली सडणारी ती चाळीस फळं. त्या नासाडीला त्यांनी जन्मभर तूट म्हटलं. ती किड्यांची मजुरी होती.

पंधरा दिवस दोघांनी रंगाच्या बारीक ब्रशनं किड्याचं काम केलं. कालच्या फुलातले पराग डबीत, आजच्या फुलावर दोन फटकारे. अंबादासराव स्टुलावर, आपा खालून सूचना देत : “ते नाही, ते पुरुष झालं. अहो, चष्मा पुसा.” सकाळी साडेआठला ऊन चढलं की पराग मरायचे. रोज तीस फुलं व्हायची, झाडावर फुलं दोन हजार, आणि झाडं एकोणीस. तीस फुलांतलीही बहुतेक गळत. पण त्या पंधरा दिवसांत अंबादासरावांनी आपांकडचा चहा तेरा वेळा घेतला, हे नोंदवायला हवं.

“किड्यांना परत बोलवायचं तर नासकं फळ लागेल,” आपा म्हणाल्या. “डोंगर दोन किलोमीटरवर. वास वाऱ्यावर गेला की येतील.”

त्यांनी बाजारातली केळी आणून ठेवली. पण बाजारातलं सगळं फळ आता विसाव्याच्याच धर्तीवर औषध मारून येत होतं. केळी आठवड्यात वाळून चामड्यासारखी झाली, माशीही फिरकली नाही. अंबादासरावांनी वसाहतीत विचारून पाहिलं, कुणाच्या कपाटात मागच्या हंगामातली सीताफळं आहेत का? हुंडेकरांकडे सहा निघाली.

“कशाला हवीत काका?”

“नासवायला.”

हुंडेकरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग फाटकावरच्या पाटीकडे पाहिलं. “काका, मृण्मयीताईंना फोन लावून देऊ का?” ते फार प्रेमानं म्हणाले, आणि फळं काही दिली नाहीत.

आपांच्या कपाटातलं शेवटचं फळ केव्हाच संपलं होतं. भिंतीवर कोपर टेकून त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे चौदा आहेत, मला ठाऊक आहे. मी मागणार नाही. पण जूनअखेर फुलं संपतील. मग यंदाचं वर्षही गेलं, आणि पुढच्या वर्षी नासवायलासुद्धा कुणाकडे काही नसेल.”

“ती मृण्मयीची आहेत.”

“म्हणूनच मागणार नाही म्हटलं.”

*

तीन दिवस अंबादासरावांनी कपाट उघडलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी चौदा फळं बाहेर काढली. अठरा तासांनी ती पिकली. घरभर वास सुटला, कुमुदच्या संध्याकाळींसारखा. त्यांनी एकही खाल्लं नाही. एक खाल्लं असतं तर उरलेली तेरा देववली नसती, एवढं त्यांना स्वतःबद्दल ठाऊक होतं.

पहाटे त्यांनी आणि आपांनी ती मागच्या गल्लीत, सात ठिकाणी, ओल्या पाल्यात दोन-दोन मांडली. पालिकेचं झाडणारं यंत्र येऊन ती ओढून नेईल, ही भीती होती. छबूबाई गल्लीच्या तोंडाशी पाटी टाकून बसली.

“जन्मभर सडकं उचललं,” ती म्हणाली. “आता सडक्याची राखण. काय दिवस दावशील देवा!”

यंत्र आलं, माणूस बसलेला पाहून त्याच्या नियमाप्रमाणं वळून गेलं. ती रोज बसली.

त्या संध्याकाळी अंबादासरावांनी मृण्मयीला फोन केला. नेमकं मापात सांगितलं.

“मुद्दाम नासवली?” ती म्हणाली. “बाबा, मी जुलैत येत होते.”

“तिकीट काढलं होतंस?”



“काढणार होते,” ती म्हणाली.

“हो. मलाही तसंच वाटलं.”

“मग आता जुलैत...”

“फळं नाहीत. तरी ये.”

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी फळांशिवाय बोलावणं केलं होतं. आवाज थोडा फाटला, पण फोनवर असं होतं. मृण्मयी म्हणाली, “बघते हं बाबा.” जुलैत ती आली नाही. रिलीज होता.

दहाव्या दिवशी आपांनी त्यांना हाक मारून फूल दाखवलं. आत, पाकळीच्या बुडाशी, तिळाहून बारीक दोन तपकिरी ठिपके हलत होते. महिन्याच्या शेवटी ठिपके मोजता येईनात. मोजता न येणारी गोष्ट बघून अंबादासरावांना इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

त्या ऑक्टोबरात त्यांच्या झाडाला अठ्ठावन्न फळं लागली. त्यांनी विसाव्याची वायर काढली, आत गवत भरलं आणि त्यातच अढी लावली. मग फोन केला.

“अढी लावली गं.”

“अय्या, लागली का? कधी पिकतील?”

“गुरुवारी.”

“गुरुवार म्हणजे...” कीबोर्डचा आवाज आला. “बाबा, गुरुवारी शक्यच नाही हो. थोडी विसाव्यात ठेवा ना, प्लीज. दिवाळीनंतर नक्की.”

“तो बंद केला.”

“का?”

त्यांनी सांगायला सुरुवात केली, फूल, किडा, गल्ली. मधेच तिला दुसरा कॉल आला. “बाबा, मी नंतर करते,” ती म्हणाली, आणि खरंच करणार होती.

गुरुवारी फळं पिकली. अंबादासरावांनी अठरा घरी ताटल्या नेल्या. लोकांनी आनंदानं घेतल्या, यंदा हवा बरी होती म्हणाले, ताटल्या तिथल्या तिथं रिकाम्या करून हातात परत दिल्या. हुंडेकरांच्या विसाव्यात त्यांची स्वतःचीच सत्तर होती, म्हणून जागा करायला त्यांना दोन कप्पे हलवावे लागले. आपांनी मात्र ताटली ठेवून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी खारवलेल्या मिरच्या घालून परत आणली. अर्धा तास बसल्या. मग त्यांच्या मुलाच्या फोनची वेळ झाली.

हिशोब लागला तो असा. एकोणीस झाडांना मिळून अकराशेच्या वर फळं आली. छबूबाईला तिची फेरी परत मिळाली, तीही एकाच फाटकापुरती, कारण बाकीची अठरा अंगणं पुन्हा झाडून स्वच्छ होती. किडे फुकट जेवले. फाटकावरच्या पाटीला नवं पॉलिश झालं. या सगळ्याची किंमत कुणी भरली, हे वसाहतीत कुणी विचारलं नाही. चौदा फळं अंबादासरावांनी भरली. ती त्यांना जड गेली नाहीत, उलट आता निजताना कपाटाची घरघर नसते एवढंच त्यांना चुकल्यासारखं होतं. बाकीची सगळी रक्कम मृण्मयीच्या नावावर पडली : गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. वडील त्या चारही दिवशी ओट्यावर बसून होते, मऊ फळ हातात होतं आणि बोलायचंही पुष्कळ होतं. तिला ते कुणी कळवलं नाही. तिला अजून वाटतं, आपली चार दिवसांची रजा वाचली.